चिंचोक्यांची शाळा

विष्णुपंत मास्तरांच्या शाळेत मी पहिल्यांदा गेलो आणि मुलांची दोन मतं चावून बसलो.

दोष माझाच. आमच्या बबनला आणायला ठाण्यातल्या त्या शाळेत गेलो होतो. टेबलावरच्या मडक्यात चिंचोके दिसले. भाजलेले समजून दोन तोंडात टाकले. कच्चे निघाले! दाढ कळवळली, तोच बबन ओरडला, "मास्तर, आमच्या आप्पांनी मतं खाल्ली!"

"मग पुन्हा मतं घ्या!" विष्णुपंत गरजले. "मंडळी, उठा!"

सहा-सात वर्षांच्या पोरांना ते 'मंडळी' म्हणत. गावात म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीचं वारं नुकतंच आलेलं, आम्हा थोरांनाही त्यातलं धड कळत नव्हतं. इथे मात्र दोन मडकी, प्रत्येकाला एक चिंचोका. विष्णुपंत येरझारा घालत, पगडी काढत, घालत, पुन्हा काढत. काहीही विचारा, उत्तर एकच, "मंडळींना विचारू!" घरी एकटेच असत; तिथे कोणाला विचारत, देव जाणे.

मत देण्याआधी एक कवाईत असे. ज्याचं ठरवायचं, त्याच्या जागी जाऊन बघायचं. खाडीपलीकडच्या मिठागराकडचा धाकल्या वरचेवर उशिरा येई. "मास्तर, पानी उतरलंच नाय," म्हणे. मंडळी छडीच्या बाजूची होती. विष्णुपंतांनी सगळ्यांना ऐन भरतीच्या वेळी खाडीकाठी नेलं. "आता पलीकडे जा बघू!" गुडघाभर चिखलात रुतलेल्या मंडळींनी तिथेच ठरवलं, सकाळी भरती असेल त्या दिवशी शाळा उशिरा. बबनचा अंगरखा धुताना आमच्या घरात मास्तरांचा यथेच्छ उद्धार झाला.

मग एकदा वरून पत्र आलं. मुरबाडकडच्या एका खेड्यातली शाळा मास्तराविना बंद आहे. विष्णुपंत जातील काय? दोन दिवसांत कळवायचं होतं. दोन्ही दिवस माणूस नुसता भिरभिरत होता.

"नको म्हणून कळवा की," मी म्हटलं.

"छे, छे! मंडळींना विचारू." मग हळूच म्हणाले, "मंडळी जाऊ देणार नाहीत हो."

मी दाराशी उभा होतो. मंडळी कवाईतीप्रमाणे बाहेर ओट्यावर बसली. विष्णुपंतांनी आतून दार लावून घेतलं, झाली बंद शाळा.  धाकल्या दाराकडे तोंड करून म्हणाला, "मास्तर, त्यांना कोनीच नाय. तुमी जा."

दार उघडलं. चिंचोके पडले. बबनने मोजले. 'जा'च्या मडक्यात एकोणीस, 'राहा'च्या मडक्यात एक.

"पण मास्तर, आम्ही तर एकोणीसच आहोत! हा कोणाचा?"

"चुकून पडला असेल. बाद करा," विष्णुपंत म्हणाले. घाईघाईने पगडी घातली ती उलटी बसली. मंडळींपैकी कोणी हसलं नाही.

घरी येऊन हे सांगितलं, तशी भाकरी थापता थापता ही थांबली.

"त्या एका मताला," ती म्हणाली, "गाव सोडेपर्यंत आपल्याकडेच जेवायला बोलवायचं."