वीस वर्षांनंतरचे पाहुणे

पर्यटन खात्याच्या अंदाज विभागात एक सांख्यिकी अधिकारी बाई होत्या. पुढच्या वीस वर्षांत देशात किती पाहुणे येतील आणि ते किती खर्च करतील, हे सांगणे त्यांचे काम. चार महिने मान मोडून त्यांनी अहवाल दिला : दरवर्षी १.५ टक्के वाढ. तीसुद्धा स्वच्छतागृहांना आतून कड्या बसवल्यास.

संचालकांनी अहवाल दोन बोटांत धरला. "बाई, हा अंदाज आहे की शोकसंदेश?"

"साहेब, आकडे तेच सांगतात."

"आकड्यांचं काय जातं? त्यांना कुठे बढती हवीये!" असे म्हणून साहेबांनी मधले टिंब खोडले. मंत्र्यांनी पंधरा टक्के जाहीर केले. टाळ्या पडल्या.

तीन वर्षांत पाहुणे घटले. बाईंनी अंदाज दुरुस्त करायची परवानगी मागितली.

"अंदाजाला मंत्रिमंडळाची मंजुरी आहे," संचालक शांतपणे म्हणाले. "वस्तुस्थितीला आहे का?"

मंजुरी नसल्याने वस्तुस्थिती दुरुस्त करण्यात आली. घराबाहेर रात्र काढणारी कोणतीही व्यक्ती आता 'पाहुणा' ठरली. त्याच आठवड्यात बाईंच्या सासूबाई न्हाणीघरात घसरल्या. खुबा मोडला, इस्पितळात अकरा रात्री गेल्या. बिल 'पाहुण्यांचा खर्च' या सदरात जमा झाले. संचालक पुष्पगुच्छ आणि छायाचित्रकार घेऊन हजर.

"आजी, मुक्काम कसा वाटला?"

"मेल्या, हाड मोडलंय माझं!"

संचालकांनी टिपून घेतले : साहसी पर्यटन.

त्या दिवशी मात्र बाईंचे डोके फिरले. इतकी वर्षे त्या मुकाट्याने सही करत आल्या होत्या. आता पुढच्या मसुद्यावर त्यांनी सही नाकारली. मसुदा असा होता : घराचा उंबरठा ओलांडेल तो पाहुणा, आणि बाहेर जे खर्चेल ते पर्यटन. बाईंची बदली जुन्या नकाशांच्या गोदामात झाली.

नियमाप्रमाणे मसुदा तीस दिवस हरकतींसाठी चौकातल्या फलकावर लागला. एका नागरिकाची लेखी हरकत आली, तरी मसुदा अडणार होता. कर्मचाऱ्यांना हरकत घेता येत नव्हती. म्हणून रोज गोदाम सुटले, की बाई कोरे कागद आणि पेन घेऊन फलकाशेजारी उभ्या राहत.

"एकच ओळ लिहा हो."

"बाई, जरा घाईत आहे."

"तुमचं अगदी बरोबर आहे, पण माझं नाव कशाला?"

एकाने पेन घेतले, कुणाचा तरी फोन नंबर टिपला आणि पेनासकट निघून गेला.

तिसाव्या दिवशी हरकती शून्य. मसुद्याचा नियम झाला, तोही मागील तारखेपासून. त्यामुळे त्या महिन्यात फलकासमोरून गेलेले सगळे पाहुणे ठरले आणि देशाने विक्रम केला.

त्या गर्दीत तुम्हीही होता. ही मोजणी मात्र बाईंनी स्वतः केलेली आहे. तिच्यात चूक नाही.