चार मिनिटांचा फरक

सन दोन हजार एकोणीस. जानेवारीचा दुसरा आठवडा, कडाक्याची थंडी. मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ एकदा नीट बघायचा, असं सुतारकाकांनी ठरवलं. तिथेच माशी शिंकली.

स्टेजवर साडू. दारात साडू. जिथे काका, तिथे त्यांच्या पाठीला चिकटून साडू.

"मुलगी माझी, आणि मिरवतोय हा!" काका बायकोवर डाफरले. "नवरीच्या खुर्चीचा डुगडुगता पाय मी ठोकून बसवला. ते कुठे आहे यात?"

"ताईकडचा व्हिडिओ चार मिनिटांनी मोठा आहे," बायको सहज म्हणाली. (सहज बोललेल्या वाक्यांनीच घरं पेटतात.)

"म्हणजे आणखी चार मिनिटं साडू!"

काकांना घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्यांनी बायकोकरवी तिच्या बहिणीचा पेनड्राइव्ह मागवला आणि दोन्ही घेऊन व्हिडिओवाल्याच्या दुकानात धडकले.

"फरक दाखव."

त्याच्याकडे तसं सॉफ्टवेअर होतं. दोन्ही व्हिडिओ शेजारी शेजारी चालतात. जिथे फरक, तिथे लाल चौकट. पण गडी हात चालवीना.

"काका, राहू द्या. पहिली कॉपी साडूसाहेबांनी बघितली. तुमच्या कॉपीतून थोडं कापा, म्हणाले."

"माझं काम कापलं? लाव!"

दुकानातली तीन गिऱ्हाइकं सरसावून बसली.

साडूंच्या व्हिडिओत काका खुर्चीचा पाय ठोकायला वाकले. लाल चौकट उमटली ती बरोबर त्यांच्या पँटच्या मागे. ("नवी शिवा," असं बायको महिनाभर सांगत होती.) शिवण वरपासून खालपर्यंत उसवलेली. आत निळ्या पट्ट्यांची चड्डी. साडू धावत आले आणि मागे उभे राहिले. काका वळले की साडू वळत. तरी मधूनमधून निळं दिसेच. कापलं होतं तेवढंच.

(हॉलमध्ये मागून गार लागत होतं खरं. काकांनी खिडक्यांना दोष दिला होता. घरी आल्यावर पँट फाटलेली दिसली, तेव्हा गाडीला.)

"तीन तास उभे होते ते," व्हिडिओवाला म्हणाला. "जेवलेसुद्धा नाहीत."

गिऱ्हाइकांनी पोटं धरली होती. काका पेनड्राइव्ह खिशात टाकून निघाले.

"काय सापडलं?" बायकोने विचारलं.

"काही नाही."

मार्चमध्ये साडूंच्या मुलाचं लग्न झालं. काका हॉलमध्ये शिरले ते थेट साडूंच्या पाठीमागे जाऊन उभे राहिले.

"अहो, बसा ना!" साडू म्हणाले.

"बसत नाही."

तीन तास काका हलले नाहीत, जेवले नाहीत.

साडूंची पँट कोरी करकरीत होती.