दुसऱ्याची जागा देणारे चंपालालशेठ

जुन्नरच्या बाजारपेठेत चंपालालशेठचं कापडाचं दुकान होतं. रस्त्यात, एस्टीत, कुठेही फौजी माणूस दिसला की शेठ त्याला बसायला जागा देत. यात विशेष ते काय, असं तुम्हाला वाटेल. पण शेठ स्वतःची जागा देत नसत. ते दुसऱ्याची देत.

माझी त्यांची ओळख अशीच झाली. मी हायस्कुलात मराठी शिकवायला नुकताच लागलो होतो आणि नारायणगावहून जुन्नरला येणाऱ्या एस्टीत खिडकीशी बसलो होतो. मागून कुणीतरी माझ्या खांद्यावर बोट टोचलं. वळून पाहिलं तर पांढरा सदरा, पांढरा लेंगा, काळी टोपी.

"मी काय म्हणतो," ते म्हणाले, "तुम्ही उठा."

"का?"

"फौजी उभा आहे."

दाराशी खरोखरच एक जवान पत्र्याची पेटी सांभाळत उभा होता. मी उठलो. तो बिचारा 'नको, नको' म्हणत असताना शेठनी त्याला माझ्या जागेवर कोंबलं. पुढचा सगळा रस्ता मी दांडीला लोंबकळत होतो आणि शेठ आपल्या जागेवर बसून, फौजींचा मान कसा राखावा ते मला समजावत होते. शेवटी न राहवून मी विचारलं, "मग तुम्ही का नाही उठलात?"

"मी उठलो असतो तर या एकाची सोय झाली असती," शेठ म्हणाले. "तुम्हाला उठवलं. आता तुम्ही जन्मभर उठाल."

हे खरं ठरलं. मी अजून उठतो.

पुढे त्यांच्याच दुकानावरची खोली मी भाड्याने घेतली आणि पंधरा-सोळा वर्षं तिथे काढली. शेठचे पणजोबा राजस्थानातून आलेले, पण शेठना मारवाडी येत होती ती फक्त देवळात आणि लग्नात. एरवी सगळं मराठी, आणि तेही सकाळी दुकानाची फळी उघडल्यापासून अखंड. घरात एकटेच. बायको मी यायच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. दुकानावर आलेल्या प्रत्येक माणसाला ते 'मी काय म्हणतो' असं म्हणून थांबवत आणि मग तो काय म्हणतो ते मुळीच ऐकून घेत नसत.

फौजींसाठी त्यांनी कुणाकुणाला उठवलं याची यादी करता येणार नाही. सलूनच्या खुर्चीतून अर्धी दाढी झालेला ग्रामसेवक उठवला. लग्नाच्या पंगतीतून वराचे सख्खे मामा उठवले, पानात जिलबी असताना. एकदा त्यांनी दवाखान्यातल्या बाकावरून ताप आलेल्या मलाच उठवलं. ज्याच्यासाठी उठवलं तो हिरवट पँट घातलेला धरणावरचा वॉचमन निघाला. शेठ जरा गोरेमोरे झाले, पण हटले नाहीत. "बसलात तर बसा आता," ते त्याला म्हणाले, "पण पुढच्या वेळी रंग बघून कापड घ्या."

त्यांच्या दुकानात सगळ्या रंगांचं कापड मिळे, फक्त फौजी हिरवं सोडून. कुणी मागितलंच तर शेठ म्हणत, "हा रंग विकत मिळत नाही. मिळवावा लागतो." गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाई. तिथे तो विकत मिळे.

नव्व्याण्णव साली कारगिलची लढाई झाली. शेठच्या दुकानातल्या छोट्या टीव्हीपुढे रोज सकाळ-संध्याकाळ माणसांचा ढीग पडे. लढाई संपली तसा तालुक्याला सत्काराचा ताप भरला. चौकाचौकात फलक लागले. फलकावर जवानाचा फोटो बोराएवढा आणि शुभेच्छुकांचे भोपळ्याएवढे.

त्या वर्षी थंडीत पिंपळवंडीचा दत्तू रजेवर आला. तो लढाईत पुढच्या फळीला होता. गावी जायला तो खरं तर आधी नारायणगावलाच उतरायचा. पण सत्कार समितीने त्याला तिथेच गाठलं, जीपमध्ये घातला आणि वाजतगाजत जुन्नरला आणून मैदानावरच्या मंचावर बसवला. हार इतके घातले की नुसते डोळे दिसत होते. भाषणं सुरू झाली. पहिल्या वक्त्याने जवानाच्या त्यागाबद्दल पाच मिनिटं आणि स्वतःच्या त्यागाबद्दल पंचवीस मिनिटं सांगितलं. दुसऱ्याने तेच उलट क्रमाने सांगितलं.

मी आणि शेठ तिसऱ्या रांगेत होतो. चौथं भाषण चालू असताना शेठनी मला कोपराने ढोसलं.

"सर, ती पेटी बघा."

मंचावर टेबलाखाली एक काळी पत्र्याची पेटी होती. तिच्यावर पांढऱ्या रंगात दत्तूचं नाव आणि नंबर.

"मग?" मी म्हटलं.

"पेटी इथं आहे, म्हणजे हा अजून घरी गेलेला नाही."

एवढं बोलून ते उठले. स्वतःच्या जागेवरून शेठ उठताना मी प्रथमच पाहत होतो. ते थेट मंचावर चढले. व्यापारी माणूस आहे, हार घालायला आला असेल, असं समजून वक्त्याने बाजूला सरकून माईक दिला.

"मी काय म्हणतो," शेठ माईकवर म्हणाले, "या पोराची आई सकाळपासून उंबऱ्यात बसली असेल. तुमची भाषणं चालू द्या. मी याला सोडून येतो."

दत्तूने हारांतून मान वर काढली. त्याने इतक्या घाईने हार उतरवायला घेतले, की काय ते सगळ्यांना कळलं.

मग मागच्या रांगेतला एक म्हातारा शेतकरी उभा राहिला. त्याच्या शेजारचा उभा राहिला. बघता बघता सगळं मैदान उभं राहिलं. कुणी सांगितलं नव्हतं. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत. माणसं नुसती उभी राहिली आणि मधून वाट झाली. एका पैलवानाने पेटी डोक्यावर घेतली. दत्तू वाटेने चालू लागला तशा बायका पुढे होऊन त्याच्या तोंडावरून हात फिरवत आणि आपल्या कानशिलावर बोटं मोडत. एक आजी म्हणाली, "लई वाळलास रं बाबा." इतक्या भाषणांत त्याच्याकडे नीट बघून बोललेलं हे पहिलंच वाक्य.

बाहेर टोमॅटोचे रिकामे क्रेट भरलेला एक पिकअप उभा होता. दत्तू पुढे ड्रायव्हरशेजारी बसला, शेठ आणि मी मागे क्रेटमध्ये. आमच्यामागे वीस-पंचवीस मोटारसायकली आणि एक ट्रॅक्टर. मैदानावर राहिलेल्या वक्त्यांनी राहिलेली भाषणं रिकाम्या खुर्च्यांपुढे पूर्ण केली आणि अध्यक्षांनी उपस्थितांचे आभार मानले, असं मला दुसऱ्या दिवशी कळलं.

पिंपळवंडीत घर दिसताच शेठनी पत्र्यावर थाप मारून गाडी लांबच थांबवली. खाली उतरून ते रस्त्यात हात आडवे करून उभे राहिले. "बास. इथून पुढं कुणी जायचं नाही." आणि खरंच कुणी गेलं नाही. तेवढी सगळी माणसं लिंबाखाली थांबली आणि दत्तू एकटा पुढे गेला. आईने भाकरतुकडा ओवाळून टाकलेला आम्हाला दिसला. मग ती त्याच्या छातीवर डोकं आपटायला लागली, तेव्हा सगळेजण पाठ करून उभे राहिले. आपल्या पांढऱ्या लेंग्याला टोमॅटो लागलाय हे शेठच्या त्याच वेळी लक्षात आलं आणि ते बराच वेळ तो डाग खाली मान घालून पुसत होते.

चार-पाच दिवसांनी दत्तू दुकानात आला. मग रोज दुपारी येऊ लागला. गादीच्या टोकाला टेकून रस्त्याकडे बघत बसे. येणारा-जाणारा विचारी, "काय फौजी, किती मारले?" शेठ लगेच त्या माणसाला पायरीवरून उठवत. "मी काय म्हणतो, तुम्हाला काही घ्यायचंय का? नाही? मग निघा."

एका दुपारी दुकानात आम्ही तिघेच होतो. दत्तू रस्त्याकडे बघतच म्हणाला, "सर, माज्याबरुबर आंबेगाव तालुक्यातल्या लोणीचा बाळू व्हता. त्यो ऱ्हायला तिकडंच. त्याच्या आईला भेटायचंय. चारदा एस्टीत बसलो. चारदा मंचरला उतरून माघारी आलो."

"का?" मी विचारलं.

"काय सांगू तिला? मी आलो आन् त्यो न्हाई आला, ह्येच सांगू?"

शेठनी हातातला तागा गुंडाळून ठेवला. दुसरा दिवस रविवार, म्हणजे जुन्नरच्या बाजाराचा. पण सकाळी दुकानाला कुलूप होतं आणि आम्ही तिघे लोणीच्या वाटेवर होतो. मला घेण्याचं कारण शेठनी सांगितलं, "तुम्ही मराठी शिकवता. शब्द कमी पडले तर तुमच्याजवळ असतील." एस्टीत ते मंचरपर्यंत सारखे बोलत होते. त्या आईला आपण काय काय सांगायचं, कुठल्या क्रमाने सांगायचं, हे त्यांनी पाठच केलं होतं.

बाळूची आई यमुनाबाई अंगणात वाल सोलत बसल्या होत्या. दत्तू समोर जाऊन सावधानमध्ये उभा राहिला आणि तसाच उभा राहिला. शेठ म्हणाले, "मी काय..." आणि त्यांचं तोंड मिटलं. माझ्याजवळचे शब्द तर त्याआधीच संपले होते.

म्हातारीने डोळ्यांवर हात धरून वर बघितलं.

"दत्तू ना रं तू? बाळू पत्रात लिवायचा, नाकावर तीळ असलेला."

दत्तूने मान हलवली.

"बस. एक सांग मला. शेवटाला एकटा व्हता का त्यो?"

"न्हाई," दत्तू म्हणाला. "मी व्हतो. माज्या मांडीवर डोकं व्हतं त्याचं. तुमचं नाव घेतलं त्यानं."

यमुनाबाईंच्या हातातली शेंग तशीच राहिली. त्या म्हणाल्या, "लई मोठमोठी मानसं आली, लई बोलून गेली. पन ह्ये कुनी सांगितलं न्हाई. मला आपलं वाटायचं, एकटाच व्हता." मग त्या दत्तूला जवळ ओढून रडल्या. पोटभर रडल्या. आम्ही संध्याकाळपर्यंत तिथे होतो. शेठ ओट्यावर बसून होते. दिवसभरात ते एक अक्षर बोलले नाहीत. येताना एस्टीतही नाही.

दत्तूची रजा संपली, तो पलटणीत परत गेला. लोक कारगिल विसरले, फलकांवर दुसरे फोटो आले. शेठ पूर्वीसारखेच माणसं उठवत राहिले.

पाच-सहा वर्षांनी निवडणुकीच्या कामावर माझी नेमणूक नेमकी लोणीला झाली. शाळेच्या खोलीत मतदान चालू होतं. एक म्हातारी बाई बोटाला शाई लावून घेता घेता माझ्याकडे निरखून पाहू लागली.

"मास्तर, तुमी त्या मुक्या शेठबरुबर आलता न्हवं?"

"मुक्या?"

"जुन्नरचा कापडवाला. येतो की दर म्हैन्याला. लई गुनाचा मानूस. येतो, ओट्यावर बसतो, च्या पितो. मी बाळूचं सांगते आन् त्यो ऐकतो. ह्या गावात आता कुनाला सांगायची सोय न्हाई, समद्यांचं ऐकून झालंय. बिचाऱ्याला वाचा दिली न्हाई द्येवानं, पन कान लई चांगलं दिल्यात."

मी यमुनाबाईंचा गैरसमज दूर केला नाही. सरकारी कामात होतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी दुकानात गेलो. गिऱ्हाईक नव्हतं. शेठ तागे लावत होते. मी लोणीचं सांगितलं. ते लाजल्यासारखे झाले.

"तिथं तुम्ही बोलत का नाही?" मी विचारलं.

शेठ गादीवर बसले. "आमची ही गेली तेव्हा सगळा बाजार येऊन गेला सर. सगळे बोलले. धीर धरा, देवाची इच्छा, चांगली होती, सगळं बोलले. मला तिच्याबद्दल बोलायचं होतं. तेवढं कुणी थांबलंच नाही. मग मीच बोलायला लागलो, बाकी सगळ्यावर."

पंधरा वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होतो. रोज जिना उतरताना 'काय शेठ' म्हणत होतो. त्यांनी एस्टीत मला उठवल्याचा किस्सा मी निदान शंभर जणांना रंगवून सांगितला होता. आणि ही एक गोष्ट मी त्यांना कधी विचारली नव्हती.

"शेठ, वहिनींचं नाव काय होतं?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग उठून दुकानाची एक फळी लावली, गिऱ्हाईक येऊ नये म्हणून. परत येऊन समोर बसले.

"सुंदर," ते म्हणाले. "माहेरचं. सासरी आम्ही बदललं नाही. तिला तेच आवडायचं."

मी चप्पल काढली आणि मांडी घालून नीट बसलो.