मागची डोलकाठी

"धाकटीचा फोन होता," चहा गाळता गाळता बायको म्हणाली. "डॉक्टरांनीपण गलबत केलंय म्हणे."

"करायला घेतलंय, असं म्हण."

"नाही हो, झालंसुद्धा. चार महिन्यांत."

मिलिमीटरांच्या हातातला चिमटा जागच्या जागी थांबला. तीस वर्षं नकाशे काढण्यात गेल्यामुळे ऑफिसने त्यांना हे नाव दिलं होतं, आणि निवृत्तीच्या दिवशी हारासोबत तेही घरी आलं. जेवणाच्या टेबलाचा निम्मा भाग गेली साडेतीन वर्षं त्यांच्या लाकडी गलबताने अडवला होता. तीन डोलकाठ्या, दोन्ही बाजूंना मिळून अठ्ठावीस तोफा, आणि काडीएवढ्या पट्ट्या एकेक वाकवून चिकटवलेला सांगाडा. येत्या रविवारनंतरच्या रविवारी वाचनालयात छंदांचं प्रदर्शन होतं. पहिल्या आलेल्याची वस्तू दारातल्या काचेच्या कपाटात वर्षभर राहणार होती. कपाट एकच होतं, आणि आजवर मिलिमीटरांच्या मनात ते भरलेलंच होतं.

आता त्यात साडू शिरला. साडू दातांचा डॉक्टर. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण याचं चांगलंच भरलं होतं. आधी गाडी, मग गच्चीवर बाग, आणि आता गलबत. मिलिमीटरांच्या पोटात दुखायला लागलं.

"त्याच्याकडे यंत्रं आहेत," ते म्हणाले. "दाताला भोक पाडणाऱ्याला लाकडाला भोक पाडायला काय लागतं?"

"दवाखान्यात ठेवलंय. बघताना लोक दुखणं विसरतात म्हणे. जाऊन बघा की एकदा."

"मला काय गरज?" मिलिमीटर म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेनऊला दवाखान्यात हजर झाले.

"काय दुखतंय?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"दाढ."

"कोणती?"

एवढी तयारी त्यांनी केली नव्हती. "खालची," ते म्हणाले. "उजवी."

मुलगी आत सांगायला गेली. बसायच्या खोलीत दुसरं कोणी नव्हतं. उंच स्टुलावर, काचबिच न लावता, गलबत उभं होतं, आणि ते मिलिमीटरांच्या गलबतापेक्षा चांगलं वीतभर लांब होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि चुका शोधायला घेतल्या. एका बाजूला तोफा तेरा, दुसऱ्या बाजूला बारा. त्यांना जरा बरं वाटलं. मागच्या डोलकाठीच्या दोऱ्या तर कपडे वाळत घालायच्या दोरीसारख्या लोंबत होत्या. त्यांना फारच बरं वाटलं. किती सैल आहेत ते बघावं म्हणून त्यांनी बोट घातलं, आणि बाहीचं बटण आत अडकलं.

सोडवायला गेले तर आणखी दोन दोऱ्या बटणाभोवती फिरल्या. हात मागे घेतला तर डोलकाठी बरोबर यायला लागली. आतून चपलांचा आवाज आला. मिलिमीटरांच्या खिशात सवयीने छोटी कात्री असायची. त्यांनी चार दोऱ्या कापल्या. डोलकाठी एका अंगाला कलली.

"या, डॉक्टर बोलावतायत," मुलगी म्हणाली.

खुर्चीवर आडवं होऊन मिलिमीटरांनी आ वासला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. बाहीला दोऱ्याचे तुकडे लोंबत होते, ते त्यांनी मुठीत धरले. साडूने बराच वेळ तोंडात आरसा फिरवला.

"सांगणं अवघड आहे, साडूभाऊ," तो शेवटी म्हणाला. "उद्या परत या. याच वेळेला. गर्दी नसते."

घरी येताना त्यांना पुढचं सगळं दिसायला लागलं. उद्या धाकटी म्हणणार, हे जळले आणि यांनी तोडलं. ते जळत होते हे खरं होतं, पण मुद्दाम तोडलं नव्हतं, आणि ही दोन्ही वाक्यं एका दमात कोणाला पटली असती? एकच मार्ग होता. कोणाच्या लक्षात यायच्या आत बांधून मोकळं व्हायचं.

दुसऱ्या दिवशी ते खिशात तपकिरी दोऱ्याचं रीळ घेऊन गेले. मुलगी आत गेली की पुढे व्हायचं आणि श्वास रोखून गाठी मारायच्या. चार दोऱ्या झाल्या. आतून हाक आली. पण या चार दोऱ्या ताठ झाल्यावर समोरच्या चार जास्तच लोंबताना दिसायला लागल्या. तशाच सोडल्या असत्या तर मिलिमीटर कसले? तिसऱ्या दिवशी त्याही बांधल्या. मग डोलकाठीवर चढायची दोरीची शिडी चुकलेली दिसली. रोज शेवटची गाठ बसली की बरोब्बर आतून हाक यायची आणि साडू आरसा फिरवून म्हणायचा, "उद्या परत या."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात, इथे दात दाखवून झालं होतं. बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत असलेल्या माणसाला बायको आठवडाभर दूध आणि मऊ भात घालत होती.

"धाकटीचे हे किती करतायत तुमच्यासाठी," ती म्हणायची. "आणि तुम्ही त्यांच्या नावाने बोटं मोडता."

मिलिमीटर भात गिळायचे. सातव्या दिवशी डोलकाठी पूर्ण झाली, आणि साडूने दाढ बरी झाल्याचं सांगितलं.

प्रदर्शनात परीक्षक होते एक निवृत्त कप्तान. मिलिमीटरांच्या गलबतापुढे ते पाच मिनिटं थांबले. "सुरेख," ते म्हणाले. "एक चूक नाही. पण हे कपाटात राहायला जन्मलंय." मग ते साडूच्या गलबताकडे गेले, तोफा मोजल्या, आणि हसले. मिलिमीटरांचा जीव भांड्यात पडला. मग कप्तान मागे सरकले आणि त्यांनी भिंग काढलं.

"ही मागची डोलकाठी बघा. ही दोरी बघा कशी ओढून धरलीय. वादळ अंगावर येत असताना खलाशी अशी गाठ मारतो. बांधणाऱ्याच्या जिवावर बेतलं होतं, हे दिसतंय इथे. बाकीचं राहू द्या, नुसत्या या डोलकाठीला पहिला नंबर."

टाळ्या झाल्या. मिलिमीटरांनीही वाजवल्या. आजवर त्यांनी पुष्कळांचा हेवा केला होता, पण स्वतःच्याच हातांवर जळायची ही पहिलीच वेळ होती. आणि तोंड उघडायची सोय नव्हती.

साडू हार सावरत त्यांच्याजवळ आला आणि हळूच म्हणाला, "दाढ ठणठणीत आहे तुमची. पहिल्या दिवसापासून."

मिलिमीटरांचा हात उजव्या गालावर गेला.

"बाहेर कोण बसलंय ते कळायला आत कॅमेऱ्याचा एक छोटा पडदा आहे, खुर्चीच्या वर. तुम्ही डोळे मिटून घेता, म्हणून दिसला नसेल. मला त्या गाठी काही केल्या जमत नव्हत्या हो. तुम्हाला विचारायची हिंमत होईना. तुम्ही आपणहून सुरू केलंत, मग मी कशाला थांबवू?"

कपाटाला कुलूप लागत होतं. काचेतून पुढच्या दोन डोलकाठ्या मिलिमीटरांना स्वच्छ दिसत होत्या. दोऱ्या लोंबत होत्या. वर्षभर येणारा जाणारा त्या बघणार होता.

"डाव्या दाढेचं काय करू या?" साडूने विचारलं.

मिलिमीटरांनी दात आवळले. मग खिशातलं रीळ चाचपलं.

"किल्ली कोणाकडे असते, ते आधी विचारा," ते म्हणाले. "आणि ती तेरावी तोफ मी काढणार."