एकेक मेंढरू वेगळं

म्हाळसाबाईचा पहिला संशय टीव्हीवर होता.

पोरगा देशातल्या सगळ्यात मोठ्या फुटबॉल लीगमध्ये खेळणार म्हणून अर्धी आळी घरात जमलेली, चहाचं आधण चढलेलं, आणि टीव्हीत भलतीच पोरं पळत होती. तिचा पप्पू कुठंच दिसेना. मधूनच एकदा मैदानाकडेला बसलेल्यांची रांग दाखवली, तेव्हा शेवटच्या खुर्चीवर एक पाय दुमडून बसलेला कुणीतरी दिसला. तोंड नीट दिसलं नाही. पण कळपातलं मेंढरू पाठमोरं ओळखणाऱ्या बाईला पोटचं पोर ओळखायला तोंड कशाला लागतंय?

"आपला टीव्हीच जुना हाय," ती म्हणाली. "गेणभाऊच्या टीव्हीत खेळत आसंल."

गेणभाऊ शेजारचा. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेला. घोडेगावची गाडी डोंगरातल्या वाड्यांवर नेऊन नेऊन त्याची खात्री पटली होती, की या जगात आपल्याला न कळणारं असं काही नाही. तो उठून आपल्या घरी गेला, स्वतःचा टीव्ही लावून पाहून आला आणि गंभीर तोंडानं म्हणाला, की तिकडंही पप्पू बसलेलाच आहे.

मग ऋतिकानं, म्हणजे पप्पूच्या धाकट्या बहिणीनं, सगळ्यांना समजावून सांगितलं. पप्पू गोलकीपर. संघात गोलकीपर एकच खेळतो. पहिला मान त्या उंच केरळी पोराचा. त्याला काही झालं तरच दादा मैदानात जाणार, नाहीतर नाही.

आता गोलकीपर म्हणजे काय, हे पिंपरी पेंढारच्या या घराला शिकवायची गरज नव्हती. घराच्या मागं मेंढरांची वाघूर होती. वाघूर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. सांजेला कोकरं त्या जाळीच्या तोंडातून निसटायला बघायची आणि पप्पू लहानपणापासून तिथं उभा राहून एकेक झेप मारून त्यांना हवेतल्या हवेत पकडायचा. शाळेतल्या खेळाच्या सरांनी ते पाहिलं आणि तिथून पोराचं नशीब उघडलं. उघडलं खरं, पण खुर्चीपाशी येऊन अडलं.

जानकूला, म्हणजे पप्पूच्या बापाला, त्यात काही वावगं वाटेना. "बसवलाय ना? बसू द्या की. आपल्यातबी मेंढरं शेतात बसवायचंच मोल मिळतं."

"मेंढरं खताला लेंड्या टाकत्यात म्हणून बसवत्यात," म्हाळसाबाई म्हणाली. "ह्यो तिथं काय टाकतोय?"

जानकू घोंगडी उचलून मेंढरांकडं निघाला.

सामन्याच्या दिवशी दुपारी पप्पूचा फोन ठरलेला. "आई, बघतीस ना?" एवढंच विचारायचा. ती म्हणायची, "बघते रं. तू उतरशील तवा मी टीव्हीसमूरच आसंन." एकदा मात्र बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं, की यंदा एकदाही मैदानात उतरलो नाही तर पुढच्या साली क्लब ठेवणार नाही, मेंढरांमागंच यावं लागेल. तेव्हापासून बाईला देव आठवायला लागला. बिरोबाला नवस बोलावा, तर बोलायचा कसा? त्या केरळी पोराचीही कुणी आई आहेच की. शेवटी तिनं देवाला अगदी बेतानं साकडं घातलं, की त्या लेकराला दुखापत नको, मोडतोड नको, नुसतं एका दिवसापुरतं पोट बिघडू दे. देवानं ते काही मनावर घेतलं नाही. केरळच्या पोराचं पोट लोखंडाचं निघालं.

मग एका सामन्यात तो पोरगा धडपडून पडला, पाय धरून बसला. इकडं पप्पू खुर्चीवरून उठला. अंगातलं जाकीट काढलं, हातमोजे चढवले. घरात सगळे टीव्हीजवळ सरकले. आणि नेमकी त्याच घटकेला म्हाळसाबाईची जाऊ लंकाबाई हातात वाटी घेऊन दारात उभी राहिली. "आक्का, वाईच विरजण हाय का?"

केरळी पोरगा उठला. पप्पू बसला.

सगळ्यांनी लंकाबाईच्या पायांकडं पाहिलं. लंकाबाईनंही पाहिलं. पाय धुतलेले होते. पण पायगुण धुऊन जात नाही. तिला विरजण मिळालं, आणि पुढच्या सामन्याला येऊ नकोस असा निरोपही मिळाला. ती घरी जाऊन दोन दिवस भांडी आपटत होती, ते सगळ्या आळीनं ऐकलं.

पुढच्या सामन्याला लंकाबाई नव्हती, तरी पप्पू बसूनच राहिला. म्हणजे खोट दुसऱ्याच कुणाच्या तरी पायात होती. आता घरात जो तो एकमेकाकडं तिरकं बघायला लागला. गेणभाऊ ऐन वेळेला तंबाखू मळतो. ऋतिका मधेच उठून जाते. जानकू जांभया देतो, आणि जांभई देणाऱ्याच्या घरात लक्ष्मी तरी टिकते का?

अखेर जानकूनंच तोड काढली. सगळी हयात मेंढरांत गेलेला माणूस, तोडही मेंढरांतलीच निघाली. "कळपात रोग शिरला की काय करतो आपण? एकेक मेंढरू वेगळं बांधतो. जे बाजूला काढल्यावर बाकीची बरी व्हत्यात, त्येच रोगी."

ऋतिका सायन्सला होती. तिनं आधी तोंडात ओढणी कोंबून हसून घेतलं, पण मग तिलाही वाटलं, पद्धत अगदीच काही अडाणी नाही. त्या दिवसापासून दर सामन्याला एक जण कळपाबाहेर. त्यानं टीव्ही बघायचा नाही, आवाज ऐकायचा नाही, मोबाईल उघडायचा नाही.

पहिला गेणभाऊ गेला. त्या दिवशी पप्पू दोनदा उठला, पण दोन्ही वेळा दुसऱ्यांना पाण्याच्या बाटल्या द्यायला. हे उठणं धरायचं की नाही, यावर वाद झाला आणि शेवटी धरायचं नाही असं ठरलं. मग ऋतिका, मग स्वतः जानकू, आणि पुन्हा एकदा नीट पारख व्हावी म्हणून लंकाबाई. रोगी काही सापडेना.

सापडणार कसा? गेणभाऊ आपल्या संडासात बसून मोबाईलवर पूर्ण सामना पाहत होता. ऋतिकानं मैत्रिणीच्या घरी पाहिला. जानकू मागच्या खिडकीला डोळा लावून उभा होता. आणि लंकाबाईनं तर आपल्याच घरात दार लावून, ज्यांनी तिला हाकललं त्यांच्या नाकावर टिच्चून पाहिला. प्रत्येकाला आपली चोरी तेवढी ठाऊक होती आणि दुसऱ्याची पारख मात्र खरी झाली असं वाटत होतं. त्यामुळं जो तो मनाशी एकच हिशेब करायला लागला, की बाकीचे सुटले, म्हणजे रोगी आपणच.

म्हाळसाबाईनं चोरी केली नव्हती. तिला कुणी बाहेर काढलंच नव्हतं. आईला कळपाबाहेर काढायची छाती कुणाची?

होळी उलटली आणि लीगमधला शेवटचा सामना आला. त्या दुपारी पप्पूचा फोन आला नाही. म्हाळसाबाई मोबाईल पदरात घेऊन बसली होती. ऊन कलायला लागलं तसं तिचं मन तिला खायला उठलं. ही सगळी माणसं एकेकदा बाहेर बसली. एकही सामना न चुकवता टीव्हीसमोर बसलेली या घरात एकच बाई. लेकराच्या वाटेत दगड होऊन कोण बसलंय, हे एवढ्या दिवसांत आपल्या ध्यानात कसं आलं नाही? तिला रडू आलं. पण ते तिनं कुणाला दाखवलं नाही.

सामना दिवेलागणीला होता. बंद ठेवणं अशुभ म्हणून टीव्ही तिनं लावला, आवाज मोठा केला, आणि बाकीचे येऊन बसायच्या आत मागच्या दारानं वाघुरीकडं गेली. कुणी विचारलं तर अशक्त कोकराला बाटलीनं दूध पाजत होते म्हणायचं.

वाघुरीमागं कडब्याच्या गंजीआड काहीतरी हललं. बिबट्या इकडं कुणाच्या दारात येईल याचा नेम नाही. तिनं दगड उचलला.

"मारू नका, वहिनी," गंजी म्हणाली. पाठोपाठ गेणभाऊ बाहेर आला.

"तुमी हितं काय करताय?"

"मी आपला... वैरण किती उरलीय बघत व्हतो."

"आमची वैरण?"

एवढ्यात ऋतिका आली. तिला म्हणे अचानक कोकरांची आठवण झाली होती. तिच्या मागून लंकाबाई आली, हातात तीच वाटी. अंधारात, मेंढरांच्या गोठणीवर, ती विरजण मागायला आली होती. आणि या सगळ्यांचा गलका ऐकून मेंढरांच्या मधोमध एक घोंगडी उठून बसली. तिच्यात जानकू होता. तो सगळ्यांच्या आधीपासून तिथंच होता.

सगळे एकमेकांकडं बघत राहिले. मग म्हाळसाबाईनं विचारलं, "मग आत टीव्हीसमूर कोन हाय?"

आत कुणी नव्हतं.

मग काय, जे व्हायचं तेच झालं. गेणभाऊनं संडास कबूल केला. ऋतिकानं मैत्रीण कबूल केली. जानकूनं खिडकी कबूल केली. लंकाबाई म्हणाली, "मी बघितला आन् परत बघीन," पण तिचाही आवाज जरा खाली आला होता. म्हाळसाबाई एवढंच म्हणाली, की तुम्ही सगळे उगाच, खोट माझ्यात आहे. यावर नाही म्हणायला सगळ्यांनी एकदमच तोंड उघडलं.

त्याच वेळी घरातून मोठा गलका ऐकू आला. टीव्हीतली माणसं ओरडत होती आणि सामना सांगणारा जीव तोडून एकच नाव घेत होता. नाव पप्पूचं होतं.

म्हाळसाबाई दाराकडं धावली. जानकूनं तिचा हात धरला. "आत्ता न्हाई. आपण न्हाई म्हणून चाललंय ते."

"आवं, तो उतरंल तवा बघते म्हणाले व्हते मी त्याला."

"त्याचं भलं व्हायला पायजे का तुला बघायला पायजे?"

ती थांबली. आयुष्यात नवऱ्याचं तिनं फार वेळा ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. जानकूनं सगळ्यांचे मोबाईल गोळा करून भुशाच्या पोत्यात खुपसले, आणि पाच माणसं घराकडं पाठ करून, मेंढरांकडं तोंड करून उभी राहिली. मेंढरंही चक्रावून त्यांच्याकडं बघत राहिली. मग आणखी एकदा गलका झाला, मघापेक्षा मोठा. बाईनं डोळे मिटून पायाशी आलेलं कोकरू उचलून छातीशी गच्च धरलं. ते बिचारं गुदमरून ओरडलं.

बऱ्याच वेळानं भुशाचं पोतं वाजायला लागलं. ऋतिकानं हात घालून आईचा मोबाईल काढला आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून स्पीकरवर टाकला.

"आई, बघितलंस का?" पप्पूनं विचारलं.

"त्या दुसऱ्या लेकराला लई लागलं का रं?" आईनं आधी तेच विचारलं. तिच्या नवसाचं ओझं होतं.

"लागलं कुठं? त्यानं गोलसमोर माणूस पाडला म्हणून लाल कार्ड दाखवून बाहेर काढला. मग मी उतरलो, आन् लगेच पेनल्टी. तू बघत व्हतीस ना?"

"व्हय की. पर टीव्हीत लागलेलं कळत न्हाई."

"मग कुठं झेपावलो सांग."

बाईनं वाघुरीच्या तोंडाकडं पाहिलं, जिथं पोर लहानपणी उभं राहायचं. "उजव्या हाताला," ती म्हणाली.

"डावीकडं, आई."

"तुझ्या डावीकडं. टीव्हीत उलटंच दिसतं की रं, येड्या."

तिकडून हसू आलं. मग पोरगा थोडा घुटमळला. "आई, राग मानू नको. मी इकडं खोट शोधाया वरीसभर एकेक बदलून बघत व्हतो. बूट बदलले, खुर्ची बदलली. राहिला व्हता फकस्त तुझा फोन. म्हणून आज केला न्हाई."

जानकू मान वर करून अभिमानानं सगळ्यांकडं बघू लागला. रक्तच बापाचं होतं. म्हाळसाबाई मात्र म्हणाली, "लई शाना हायस. म्होरल्या साली बी करू नको."

"फोन करीन. म्होरलं साल हाय आता, ठेवला मला क्लबनं. आत्ताच बोलले."

फोन बंद झाल्यावर ऋतिकानं मोबाईलवर ती पेनल्टी शोधून काढली. पण बघायला कुणी पुढं होईना. गेणभाऊ म्हणाला, झालेलं आहे ते, आता काही बदलत नसतं, तुम्ही बघा. स्वतः मात्र तो दोन पावलं मागं सरकला. जानकू म्हणाला, सगळं चांगलं झालंय, उगाच कशाला परीक्षा बघायची?

"आना इकडं," म्हाळसाबाई म्हणाली. "लेकराला बघितलं म्हणून सांगितलंय मी. आता बघायलाच पायजे."

तिनं मोबाईल हातात घेतला. बाकीच्यांनी लगेच पाठ फिरवली, लंकाबाईनं तर पदर तोंडावरून ओढून घेतला. मोबाईलमधून शिट्टी ऐकू आली, पायाचा दणका ऐकू आला आणि मग तोच गलका. पोरगा खरंच तिच्या उजव्या हाताला झेपावला होता, आणि चेंडू कोकरासारखा पोटाशी धरून पडला होता.

जानकूनं मागं न बघताच विचारलं, "अडवला का?"

"अडवला," ती डोळे पुसत म्हणाली.

"परत लाव बरं."

तिनं परत लावलं. शिट्टी, दणका, गलका.

"आता?"

"आताबी अडवला."

तेव्हा कुठं जानकूनं मोबाईलकडं तोंड फिरवलं.