सहा वर्षांचे पॉइंटसाहेब

जेवणाच्या टेबलावर पुढील ऐवज होता: जुना फोन एक, नवा फोन एक, चार्जर तीन (नव्या फोनला एकही न बसणारा), फक्त जुन्या फोनचं ऐकणारं घड्याळ एक आणि कोणाचंच न ऐकणारी चौदा वर्षांची मुलगी एक.

मुलीचे वडील प्रयोगशाळेत तापमापी तपासत. नुसतं "कसे आहात?" विचारलं तरी "छत्तीस पॉइंट आठ" म्हणत, म्हणून ऑफिसात त्यांचं नाव पॉइंटसाहेब पडलं होतं. कुठलाही कागद तीनदा वाचल्याशिवाय ते सही करत नसत.

ऑफिसातल्या टवाळांनी फोनच्या दोन कंपन्यांना तळ्यातली आणि मळ्यातली अशी नावं ठेवली होती. पॉइंटसाहेबांचं घर तळ्यातलं. पण बायकोची वर्षभरासाठी परगावी बदली झाली आणि तिथल्या ऑफिसने तिला मळ्यातला फोन दिला. दोन्ही कंपन्यांचं आपसांत बोलणं नव्हतं, त्यामुळे नवराबायकोचंही होईना. संध्याकाळी सातच्या कॉलवर तिचा चेहरा गोठायचा आणि आवाज सवडीने यायचा.

"जेवलात का?"

"कधी? आत्ता?"

"अहो, ते मी मघाशी विचारलं!"

वर्ष असं काढणं शक्य नव्हतं. पॉइंटसाहेबांनी मळ्यात उडी मारायचं ठरवलं.

तळ्यातून बाहेर पडायला कुटुंबप्रमुखाची परवानगी लागते, असं जुन्या फोनने कळवलं. कुटुंबप्रमुख समोर बसून नखं रंगवत होती.

"तू कधीपासून प्रमुख?"

"मी आठ वर्षांची होते तेव्हापासून. तुम्हीच म्हणालात, 'मला जमत नाही, तूच कर काय ते.' केलं."

"आणि माझं वय सहा कसं?"

"प्रमुख मोठाच लागतो, बाबा. म्हणून तुमची जन्मतारीख मी घेतली. तीच तारीख परत चालेना, मग तुम्हाला त्या दिवशीची टाकली."

"म्हणजे तू सत्तेचाळीस वर्षांची?"

"कळलं ना आता, घरात मोठं कोण ते?" तिने ओलं नख सांभाळत बटण दाबलं. "जा बाळा, सुखी राहा."

स्थलांतर यशस्वी झालं. तीनशे बारा फोटो वाटेत गळाले, पैसे भरून घेतलेला शब्दकोश आलाच नाही, घड्याळाने संबंध तोडले. वय मात्र जसंच्या तसं पोचलं.

सातला नव्या फोनने कळवलं: 'एक अनोळखी प्रौढ स्त्री बालकाशी संपर्क साधू पाहत होती. तिला रोखण्यात आले आहे. तीन वेळा असे झाल्यास सदर स्त्रीस कायमचे दूर ठेवण्यात येईल.'

पाठोपाठ मुलीचा फोन वाजला. "तुझ्या बाबांना विचार," पलीकडून आवाज आला, "फोन बदललाय की बायको?"

दुसऱ्या दिवशी सातला तेच झालं. आता एकच संधी उरली होती. पॉइंटसाहेबांनी बायकोला फोन न करण्याची सक्त ताकीद दिली, जी तिला मुळीच आवडली नाही, आणि मदत केंद्र गाठलं.

"बाळा, घरात मोठं कोणी आहे का?" पलीकडची बाई गोड आवाजात म्हणाली.

"मीच मोठा आहे! सत्तेचाळीस पूर्ण!"

"सगळी मुलं असंच म्हणतात."

त्यांनी वाहन परवाना पाठवला. बालकाने प्रौढाचा परवाना हस्तगत केल्याची नोंद झाली. मुलीने पालक म्हणून अर्ज केला. ती तळ्यातली असल्याने मळ्याच्या दृष्टीने परकी ठरली. अखेर बाईने 'प्रौढत्व पडताळणी' सुचवली: नियम व अटींची दोनशे बारा पानं, आणि खाली 'वाचले, समजले, मान्य आहे' असं बटण.

पॉइंटसाहेबांना हुरूप आला. हे तर त्यांचंच क्षेत्र. दोन दिवस रजा टाकून त्यांनी पानं तीनदा वाचली, एका कलमातला हिशोब चुकल्याचं लक्षात आल्यावर वहीत टिपून ठेवलं आणि बटण दाबलं.

'पडताळणी अयशस्वी. प्रौढ व्यक्ती या दस्तऐवजावर सरासरी दोन सेकंद थांबते. आपण एकोणीस तास चाळीस मिनिटे थांबलात.'

त्यांनी मदत केंद्राला फोन लावला.

"तू ते वाचलंस?" बाईचा आवाज पहिल्यांदाच गंभीर झाला. "सगळं?"

"तीनदा."

"अरे बाळा, मोठी माणसं ते वाचत नाहीत रे."

सातला पाच मिनिटं कमी होती. बायकोने निरोप धाडला होता: आज मी लावणार, काय व्हायचं ते होऊ दे.

"बाबा, मी करून देऊ?" मुलीने विचारलं.

"नको. या वेळी माझं मी करतो."

पडद्यावर नियमांची सुधारित प्रत आली. पॉइंटसाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं.

सातच्या कॉलवर बायकोचा चेहरा हलत होता.

पानं दोनशे तेवीस. लागलेला वेळ, एक पॉइंट चार सेकंद.