भोरेसाहेबांचा रविवार

शमुवेल भोरे यांच्या घरात कुठलीच वस्तू दुसरी नव्हती. एक पलंग, एक कंदील, एक छत्री, एक कप. मिरजेत आम्ही भिंतीला भिंत लावून राहत होतो, त्यामुळे या साधेपणाचा भुर्दंड आमच्याच घराला पडे. त्यांच्याकडे कुणी आलं की त्यांच्या पत्नी रूथबाई आमच्या दारात उभ्या. "वैनी, जरा दोन कप द्या." पाहुणे जास्त असले की मग बशाही जायच्या, साखरही जायची.

"दुसरं आलं की पयलं माजतं," हे भोरेसाहेबांचं ब्रीद. कुणी त्यांना शर्टाचं कापड भेट दिलं, तर संध्याकाळच्या आत ते तिसऱ्याच्याच अंगावर जायचं. मी एकदा चिडून विचारलं, "मग चपला कशाला दोन वापरता?"

"पाय दोन दिलंत न्हवं त्यानं," वर बोट दाखवत ते म्हणाले. "एक दिला असता तर एकच घातली असती."

हे सगळं अगदी गंभीर चेहऱ्यानं चाले. आपण हसावं तर आपणच बावळट ठरायचो.

हा माणूस दरिद्री होता असं मात्र कुणी समजू नये. कुपवाडला इंजिनाचे सुटे भाग करणारा आमचा कारखाना होता. भोरेसाहेब तिथे फोरमन आणि मी स्टोअरकीपर. पगार बरा होता, पण तो घरी पोचेपर्यंत निम्मा वाटेत जिरायचा. दुष्काळात म्हसवडकडून आलेलं एक अख्खं बिऱ्हाड त्यांनी जगवलं, आणि त्याबद्दल कुणी कौतुक केलं तर त्याच्याशी भांडले.

खरं भांडण पेटलं ते रविवारावरून. विजेची टंचाई होती म्हणून कारखान्यांच्या सुट्ट्या वाटून दिल्या आणि आमच्या वाट्याला सोमवार आला. रविवारी काम. सगळ्यांनी मुकाट्यानं सोमवारालाच रविवार म्हणायला सुरुवात केली. भोरेसाहेब तडक मालकांसमोर जाऊन उभे राहिले.

"रविवार माजा न्हाई, मालक. त्यो त्याचा हाय. माज्याजवळ न्हाई ते मी तुमाला कुटनं देऊ?"

मालकांना त्यांच्यावाचून चालत नव्हतं. शेवटी तोड निघाली. रविवारचा पगार कापायचा, आणि सोमवारी वीज नसताना भोरेसाहेबांनी एकट्यानं येऊन यंत्रांना तेलपाणी करायचं. त्यांना ते फार पसंत पडलं. रविवारी सकाळी आम्ही सायकली हाणत कुपवाडकडे निघालेलो असायचो आणि हे पांढराशुभ्र शर्ट घालून उलट दिशेनं देवळाकडे. चर्चला ते देऊळच म्हणत. हात वर करून प्रत्येकाला "सलाम! सलाम!" चाललेलं.

"सायेब, देवाला सांगून आमचा वरटाइम वाढवा की!" कुणीतरी ओरडायचं.

"मालकाला सांग रं! माजा देव रविवारी कुनाला राबवत न्हाई!"

मग जुने मॅनेजर निवृत्त झाले आणि मालकांनी भोरेसाहेबांना बोलावून घेतलं. मॅनेजरची खुर्ची, बंगला, मोटार. अट एकच, रविवारी यायचं. मी तेव्हा तिथेच मालाची पावती घेऊन उभा होतो.

"बंगल्याला खोल्या किती?" भोरेसाहेबांनी विचारलं.

"पाच."

"मी बसनार एका टायमाला एकीत. बाकीच्या चार झाडायच्या कुनी?"

एवढं बोलून ते यंत्रांकडे गेले. माझी बायको म्हणाली, लक्ष्मी टिळा लावायला आली तर हे कपाळ धुवायला गेले. रूथबाईंना तिनं विचारलं, तर त्या हळूच म्हणाल्या, "मला इचारलं असतं तर दुसऱ्या खोलीपुरतं मी व्हय म्हनले असते."

ती खुर्ची शेवटी पुण्याच्या एका माणसाला मिळाली, हे आधीच सांगून टाकतो. पण त्याआधी एक वाईट गोष्ट घडली. एका रविवारी पत्रा कापायच्या प्रेसवर काम करताना आमच्या किसनची दोन बोटं तुटली. मंगळवारी मालक सगळ्यांच्या देखत म्हणाले, "तुम्ही देवळात गाणी म्हणत होता, भोरे. इथं पोराचा हात गेला."

 भोरेसाहेब त्या दिवसापासून रोज इस्पितळात किसनला डबा घेऊन जात, तेही घरातला एकुलता एक डबा. त्या दिवसांत ते स्वतः दुपारी काय खात होते, देव जाणे.

आता हा गडी वाकणार, असं मलाही वाटलं. मालकांना तर खात्रीच होती. पुढच्या रविवारी त्यांनी मला फटफटी देऊन पिटाळलं. "आत्ता तुमच्याबरोबर आला तर खुर्ची त्याची. नाही तर मी पुण्याला होकार कळवतो."

मी देवळात शिरलो तेव्हा उपासना चालू होती. शेवटच्या बाकावर बसलेल्या भोरेसाहेबांच्या कानात निरोप सांगितला. त्यांनी सरकून जागा दिली. "बस. उरकू दे."

पाळकांनी प्रार्थनेला बोलावलं आणि भोरेसाहेब उभे राहिले. मला वाटलं, आता मालकांची खरडपट्टी निघणार. त्यांनी डोळे मिटले.

"बापा, एक नंबरच्या प्रेसवर तुका हाय. रातभर पोरगी आजारी, त्याला झोप लागंल, त्याला जागं ठेव. दोनवर इस्माईल हाय, त्यो घाई लय करतो. तीनवर शंकर. त्याला दिसत न्हाई नीट, पन भीतीनं सांगत न्हाई. किसनच्या जागंवर दगडू बसलाय, त्यो अजून बिचकतोय. त्यांची बोटं संबाळ."

पुढच्या बाकावरची एक म्हातारी प्रत्येक नावाला "आमेन" म्हणत होती. मध्येच मागे वळून, यादी पाठ असल्यासारखी, ती कुजबुजली, "दामूचं ऱ्हायलं."

"व्हय. दामू," भोरेसाहेब म्हणाले. मग मालकांचं नाव घेतलं, त्यांच्या छातीत दुखतं म्हणून. मग माझं. आणि मग त्यांचा आवाज फाटला. "मी तितं न्हाई, बापा. तू तरी ऱ्हा."

 बाहेर आल्यावर त्यांनी डोळे पुसले आणि पूर्वीच्याच ताठ्यात म्हणाले, "सांग मालकाला, उद्या तेल घालायला येतो."

मी एकटाच परत आलेला पाहून मालक भडकले. "करतो तरी काय तिथं बसून?"

"रविवारी कामावर असतात त्या सगळ्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात," मी म्हटलं. "तुमचंही घेतलं."